साडेतीन सेंटीमीटरचा ओरखडा

१३ एप्रिल, रविवार

डिंपल आली. जावई जितेंद्र सकाळी जळगावहून गाडीने सोडून गेला. चहा उभ्यानेच प्यायला. माणूस चांगला आहे, बसत नाही एवढंच.

हेमांगीचं, म्हणजे आमच्या मुलीचं, नागपूरला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग. तोवर नात आमच्याकडे देवपूरला. पण खरं प्रकरण पुढचं आहे. जूनपासून हेमांगीची ड्यूटी वाढणार. मग डिंपलला वर्षभर कुठे ठेवायचं, आमच्याकडे की पहूरला तिच्या दुसऱ्या आजोबांकडे, हे या पंधरा दिवसांवर ठरणार. असं कोणी तोंडाने बोललं नाही. मी ओळखलं.

पहूरचे व्याही नथ्थूभाऊ भला माणूस. केळी, कापूस, दोन म्हशी. पण चार वर्षांच्या मुलीच्या तब्येतीतलं त्यांना काय कळणार? मी आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं काढली. आस्थापना शाखेत का असेना. भल्याभल्या डॉक्टरांच्या रजा माझ्या टेबलावर अडकून असायच्या.

संकल्प: मुलगी जशी आली तशी परत द्यायची, वजन अर्धा किलो जास्त. चिडायचं नाही. दुपारची झोप बंद. कूलर आजच दुरुस्त करायचा, मेकॅनिक न बोलावता.

कूलर झाला. जाळी सुटत होती, ती तारेने बांधली. मंजुळा म्हणाली, तारेचं टोक बाहेर आलंय. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एकाही कामाला पूर्ण मार्क दिलेले नाहीत. त्यानंतर दीड तास झोप लागली. कूलर चालू आहे की नाही हे तपासताना लागली, तेव्हा धरायची नाही.

१४ एप्रिल, सोमवार, सायं. ६.१०

ओरखडा.

डाव्या हाताला, कोपराच्या खाली. कूलरच्या तोंडाशी उभी राहून "आऽऽ" करत होती. आवाज थरथरतो, ते तिला आवडतं. वळताना हात तारेला घासला. तारेचा दोष म्हणता येणार नाही. तार कालपासून जागच्या जागी होती.

दोन मिनिटं रडली. मंजुळा तिला नळाखाली न्यायला निघाली होती, मी अडवलं. जखमेला कच्चं पाणी लावायचं नसतं. आधी पट्टीने मोजलं. लांबी साडेतीन सेंटीमीटर, रुंदी रेघेएवढी. रक्त तीन थेंब. मग स्पिरिट लावलं. डिंपलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. औषध लागू पडल्याची ती खूण.

८.००: हेमांगीचा व्हिडिओ कॉल. डिंपलचा डावा हात माझ्या पाठीमागे येईल असा बसलो. याला लपवणं म्हणत नाहीत. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय वर कळवायचं नसतं, हा ऑफिसचा नियम आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. हेमराज काउंटरवर होता. त्याला सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "आबा, एवढ्याला काही लागत नाही. पाण्याने धुवा, थोडं व्हॅसलीन लावा, वरून चिकटपट्टी." जो औषधं विकायला बसलाय तोच नको म्हणतो. माल संपलेला असणार. आग्रह धरून जखमेची पावडर, कापूस आणि बँडेजचा मोठा रोल घेतला.

पावडर भरपूर टाकली. मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज बांधलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. दुपारपर्यंत घामाने बँडेज घसरून बांगडीसारखं मनगटात आलं. संध्याकाळी ते बाहुलीच्या डोक्यावर दिसलं. बाहुलीचं डोकं दुखत होतं म्हणे.

कूलरच्या तारेचं टोक आत वळवलेलं आढळलं. तारेवर सांडशीच्या खुणा आहेत.

१६ एप्रिल, बुधवार

धोरण बदललं. जखमेला मोकळा वारा पाहिजे. बांधून ठेवलं की ओल धरते. रोज वीस मिनिटं हात खिडकीत पुढे करून बसायचं, असं डिंपलला समजावलं. तिने मन लावून ऐकलं आणि चाळीस सेकंद बसली. कुल्फी देतो म्हटल्यावर आणखी दीड मिनिट. कुल्फी संपताच बैठक संपली.

रुंदी आज दोन मिलिमीटर. कडा जरा फुगल्यासारख्या. मांस भरून येताना असं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

खपली धरली. तिसऱ्याच दिवशी. शेजारच्या भागाबाईंना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, पोरांचं होतंच बरं. त्यांना केसचं गांभीर्य कळलं नाही.

डिंपलला ताकीद दिली: खपलीला बोट लावायचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही पण नाही." मुलगी हुशार आहे. आमच्या घराण्यात आहे ते.

१८ एप्रिल, शुक्रवार

खपलीची एक कड उचललेली दिसली. आत काय चाललंय हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून खपली सावकाश मोकळी केली. मी काढली असं नाही, ती निघाली. खाली गुलाबी रंग. म्हणजे काम चालू आहे. रक्त दोन थेंब. पहिल्या दिवसापेक्षा एक कमी.

डिंपल रडली नाही. फक्त हात ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. मंजुळा बाहेर आली आणि अहिराणीत बोलली. तिचं माहेर पारोळ्याकडचं. ती अहिराणीत आली म्हणजे विषय गंभीर असतो. "आते हात लावू नका तिले." एवढंच. मग आत जाऊन कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

संकल्प: उद्यापासून तपासणी दिवसातून फक्त दोनदा.

१९ एप्रिल, शनिवार

तपासणी पाच वेळा. पहिल्या दोन वेळेस चष्मा नव्हता, त्या धरत नाही.

दुसरी खपली पहिलीपेक्षा जाड. रुंदी चार मिलिमीटर. जखम मोठी होतेय असं मंजुळाचं मत. मी समजावलं की भरून येण्याचं क्षेत्र वाढतंय. ती भाकऱ्या थापत होती. थापत राहिली.

२० एप्रिल, रविवार

तेल-हळद. इंग्रजी औषधांवर माझा विश्वास आहे, पण घरचंही हाताशी असावं. वाटीभर कालवून लावली. पिवळं झालेलं: डिंपलचा फ्रॉक, दोन उशा, टीव्हीचा रिमोट, माझी पेन्शनची फाइल आणि भागाबाईंचं मांजर.

सायंकाळी व्हिडिओ कॉल. मी नेहमीच्या जागी बसलो होतो, पण डिंपलने बाहुली दाखवायला दोन्ही हात वर केले. हेमांगीने विचारलं, हळद कुणाची लागली. डिंपल म्हणाली, "मला बाऊ झाला. आबा रोज उघडून बघतात."

हेमांगीने चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला. मग ती म्हणाली, "आईकडे फोन द्या." फोन स्वयंपाकघरात गेला, सात मिनिटं. मी बातम्या लावल्या पण आवाज बंद ठेवला. आतलं काही ऐकू आलं नाही.

नंतर तिचा मेसेज आला. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं. स्पिरिट नाही, हळद नाही, पावडर नाही. व्हॅसलीनचा पातळ थर, वरून चिकटपट्टी, दिवसातून एकदा बदलायची. खपली सोडवायची नाही, ओढायची नाही. डिंपलची नखं कापायची. शेवटी: "बाबा, मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

माझंही धोरण हळूहळू याच दिशेने चाललं होतं. शेवटच्या ओळीचं उत्तर टाइप केलं होतं, मोठं झालं, पुसलं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी सातला पाहिलं. कडेने लाल. बोट लावलं तर गरम. मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं. तार गंजलेली होती का, ते आठवेना. कूलरपाशी जाऊन बघितलं. थोडी होती.

चहात साखर दोनदा घातली गेली. उन्हाळ्यात साखर कमी होते.

मंजुळाला म्हटलं, चल. तिने डिंपलला चप्पल घातली. रिक्षात मी डिंपलला मांडीवर घेतलं होतं. पांझरा नदीच्या पुलावर तिने विचारलं, "आबा, तुम्हाला पण बाऊ झाला का?" नाही म्हटलं.

पोरांच्या डॉक्टर तरुण आहेत. मी सुरुवातीलाच सांगितलं, बत्तीस वर्षं आरोग्य खातं. त्यांनी आदराने विचारलं, कोणत्या पदावर? म्हटलं, प्रशासन. त्यांनी लसीचं कार्ड बघितलं. सगळ्या लसी वेळेवर, धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज नाही. जखम पिकलेली नाही. लाली चोळण्याची आणि स्पिरिटची. ताप आला, पू झाला, लाली पसरली, तर लगेच या.

मग त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा उघडता? मी म्हटलं, गरजेनुसार. डिंपल म्हणाली, "खूप." डॉक्टर हसल्या नाहीत, याचा मला राग आला. त्या म्हणाल्या, "आबा, पट्टी बदलताना एकदा बघा. बाकी वेळ जखमेला एकटीला राहू द्या."

बाकी सगळं हेमांगीने लिहिलेलंच. औषध काहीच लिहून दिलं नाही. एवढ्या शिकलेल्या बाईने कोरा कागद द्यावा, हे मनाला पटलं नाही. पण परत येताना रिक्षात मला छान झोप लागली.

२२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांच्या सूचनांची काटेकोर अंमलबजावणी. फक्त एक सुधारणा. पट्टी एकदा बदलायची तर चारदा बदलली, म्हणजे स्वच्छता चौपट.

डिंपलची नखं कापली. तिने दहाही बोटं दिली, मग बाहुलीची दिली.

२४ एप्रिल, गुरुवार

ओरखड्याची रुंदी कमी झाली. पण त्याच्याभोवती लाल चौकोन उठलाय. चिकटपट्टी सारखी ओढून कातडी सोलवटली असं मंजुळाचं म्हणणं. हेमराजनेही तेच सांगितलं. दोघांचं आधी बोलणं झालेलं असावं.

मंजुळाने पट्ट्यांचं पाकीट फ्रिजवर ठेवलं. माझा हात तिथे पोचतो, पण खुर्ची लागते, आणि खुर्ची सरकवली की आवाज होतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

नथ्थूभाऊ पहूरहून आले. कारण विचारलं तर म्हणाले, "असंच. पोरीले भेटाले आलो." असंच कुणी तीन तास एसटीत बसत नाही. हा इन्स्पेक्शनचा प्रकार. सोबत केळीची फणी आणि घरच्या तुपाची बरणी.

मी केसचा पूर्ण इतिहास सांगितला. तारखांसकट. त्यांनी मान हलवत ऐकलं. मग डिंपलला म्हणाले, "मले दाखव बरं, बाई." तिने पट्टीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "उघडू नको. वरूनच दाखव." तिने वरून दाखवली. ते म्हणाले, "झालं हे बरं." तपासणी संपली.

नंतर दोघं ओसरीवर बसले. त्यांनी केळीच्या सालीचा उंट केला. पाय पडत होते, तरी दोघांना तो उंट वाटत होता. साडेतीन तास कुणी ओरखड्याचं नाव काढलं नाही. मला सहा वेळा आठवण झाली, पण पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

जाताना डिंपलने त्यांना विचारलं, परत कधी येणार. मला असं कधी विचारत नाही. अर्थात मी कुठे जातच नाही.

२६ एप्रिल, शनिवार, दुपारी ३

महत्त्वाचा शोध.

झोप अर्धवट मोडली. न्हाणीत पाण्याचा आवाज. मंजुळा पाटावर बसलेली, डिंपल तिच्यासमोर. मग्ग्याने हातावर बारीक धार, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने टिपणं, बोटाच्या टोकावर व्हॅसलीन, वरून पट्टी. डिंपल गाणं म्हणत होती. माझ्याकडे हात देताना ती गात नाही.

मी विचारलं, हे कधीपासून. डिंपलने तोंडावर बोट ठेवलं. मंजुळा म्हणाली, "रोज दुपारे तुम्हनं बठ्ठं औषध मी धुई टाकस." रोज म्हणजे? पहिल्या दिवसापासून. पावडर, हळद, सगळं. मी लावायचो, दुपारी झोपलो की ती धुवायची. खपली काढली त्या दिवशी दोनदा.

मी म्हटलं, मला सांगायचं होतं. ती म्हणाली, "तुम्ही किती काळजीत होतात. म्हटलं, लावू द्या." हे तिने मराठीत सांगितलं, म्हणजे रागात नव्हती.

विचारांती नोंद: घरात पूरक उपचार सुरू होते आणि त्यांचा समन्वय माझ्या झोपेमुळे शक्य झाला. दुपारच्या झोपेबद्दलचा संकल्प रद्द.

२८ एप्रिल, सोमवार

खपली आपोआप गळली. उशीवर सापडली. खाली नवी कातडी, फिकट गुलाबी, गुळगुळीत. मोजली: साडेतीन सेंटीमीटर. लांबी शेवटपर्यंत तीच राहिली, हे नियंत्रणाचं यश.

फोटो काढून 'निवृत्त आरोग्य परिवार' ग्रुपवर टाकला, खाली दहा ओळींत उपचारपद्धती. बावीस जणांनी पाहिलं. एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एकाने विचारलं, कोणत्या हाताचा आहे. डॉक्टर मंडळी ग्रुपवर होती. ती कामात असतात.

२९ एप्रिल, मंगळवार

हेमांगी आखाजीला, म्हणजे उद्याच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. सोबत जितेंद्र. यावेळी बसून चहा प्यायला. याचा अर्थ बोलणी होणार.

हेमांगीने डिंपलचा हात खिडकीपाशी नेऊन बघितला. मी सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "बाबा, छान भरलंय." मग आईला म्हणाली, महिनाभर त्या जागेला ऊन लागू देऊ नको, डाग राहतो, बाहेर जाताना लांब बाहीचं घाल. हे आईला सांगितलं. मी तिच्या आणि आईच्या मध्येच उभा होतो.

वजन केलं. पाऊण किलो जास्त. त्यात केळी आणि तूप किती, हे वेगळं काढता येत नाही.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

पुरणपोळी, आमरस. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला. दोर मी तपासला. गाठ मंजुळाने मारली.

संध्याकाळी ५ च्या सुमारास. बाकीचे आत. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. डिंपल एकटी झोक्यावर. उतरताना पाय अडकला आणि गुडघ्यावर पडली. मी पेपरच्या कडेवरून बघत होतो. रडेल म्हणून थांबलो. ती रडली नाही. उठली, फ्रॉक झटकला आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी पाहिलं का, ते बघत होती.

मी पेपर वर केला. बाजारभावाचं पान होतं. कापसाचा रकाना तीन वेळा वाचला.

ती गुडघ्यावर तळहात दाबून, लंगडत नाही असं दाखवत, माझ्यापुढून आत गेली. जाताना म्हणाली, "आबा, मी पडले नाही." मी म्हटलं, बरं. थोड्या वेळाने न्हाणीतून पाण्याचा आवाज आला, मग गाणं.

उठलो नाही. कपाटात स्पिरिट होतं. उठलो नाही.

पेपर आठ पानांचा होता. अंधार पडेपर्यंत पुरवला.

१ मे, गुरुवार

निर्णय झाला. जूनपासून डिंपल आमच्याकडे. देवपूरच्या शाळेत नाव घालायचं. पहूरला नाही.

म्हणजे मी जिंकलो. इथेच थांबायला हवं, पण नोंद पूर्ण असावी.

चहाच्या वेळी सगळे बसले होते. हेमांगीने डिंपललाच विचारलं, आजीकडे राहशील का? तिने विचार केला. ती विचार करताना जीभ बाहेर काढते. म्हणाली, "राहीन. पण मग आबांना ऑफिसला पाठवा."

जितेंद्र कपात बघत होता. हेमांगी म्हणाली, अगं, आबा रिटायर झालेत. डिंपलला ते पटलं नाही. पप्पा ऑफिसला जातात, मम्मी जाते, संध्याकाळी येतात, आल्यावर खेळतात. आबांनीही जावं. संध्याकाळी यावं.

मी तिला विचारलं, संध्याकाळी आल्यावर माझ्याशी खेळशील? ती म्हणाली, "हो. पण हात दाखवणार नाही."

मग ती झोक्याकडे पळाली. मी चहा संपवला.

योगायोग असा की, वाचनालयात जाऊन बसायचं माझ्या मनात बऱ्याच दिवसांपासून आहे. पुलाच्या पलीकडे चांगलं वाचनालय आहे, पंखे नीट चालतात. जूनपासून सकाळी दहा ते पाच. हा निर्णय सर्वस्वी माझा. कुणाचाही दबाव नाही.

संध्याकाळी मंजुळाला सहज सांगितलं. वाटलं होतं, कशाला म्हणेल. ती म्हणाली, "डबा देत जाईन. भाकरी की पोळी?"

पोळी म्हटलं.